व्हल्कन एसडीके नवा टाकताय? आधी तीन आकडे बघून घ्या

शनिवारी रात्री साडेअकराला भाच्याचा मेसेज, "मामा, व्हल्कनचा नवीन एसडीके आलाय, टाकला पण, आता गेम फास्ट चालतील ना?" तो इथेच नाशकात आडगावच्या बाजूला हॉस्टेलवर राहतो, इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष, आणि प्रश्न चुकीचा असला तरी हसायचं काही कारण नाही कारण मी पण आधी असंच धरून चाललो होतो की मोठ्या आकड्याचं काहीतरी टाकलं की आतलं सगळं नवं होतं. काल रविवार, तो लॅपटॉप घेऊन गंगापूर रोडला घरी आला, मिसळ हाणून बसलो ते थेट दिवेलागणीपर्यंत, मध्ये एकदा लाइट पण गेली. त्यात जिथे जिथे गाडी अडली ते इथे क्रमाने लिहून ठेवतोय, म्हणजे त्याच्या रूमवरच्या बाकी पोरांना फोनवर परत परत सांगायला नको.

एक आधीच सांगतो, कमांडची नावं मी इथे देवनागरीत लिहितोय. टर्मिनलमध्ये अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाइप करायची, सगळी लहान लिपीत आणि मध्ये जागा न सोडता. व्हल्कनइन्फो म्हटलं की तो एकच शब्द.

व्हल्कन कशाला म्हणतात ते थोडक्यात. ग्राफिक्स कार्डशी बोलायची ही एक एपीआय आहे, म्हणजे प्रोग्रामने कार्डाला काम सांगायची ठरलेली पद्धत, ओपनजीएल ही जुनी एपीआय सांभाळणाऱ्या ख्रोनोस ग्रुपचीच, पाया एएमडीच्या मँटल या एपीआयचा. १.० फेब्रुवारी २०१६ ला आलं, मग १.१ २०१८ ला, १.२ २०२० ला, १.३ जानेवारी २०२२ ला आणि १.४ डिसेंबर २०२४ ला. ओपनजीएलपेक्षा वेगळं काय, तर ओपनजीएलमध्ये मिसळ कालवून समोर येते आणि इथे मटकी वेगळी, रस्सा वेगळा, फरसाण वेगळं, कांदा पण तुम्हीच चिरायचा. मेमरी तुम्ही मागायची, कोणतं काम कधी संपलं हे तुम्ही बघायचं, इमेज कुठल्या अवस्थेत आहे हे तुम्ही लक्षात ठेवायचं. एक साधा त्रिकोण काढायला हजारेक ओळी लागतात हे ऐकून भाच्याचा चेहरा पडला होता, पण त्यातल्या बऱ्याच ओळी एकदाच लिहायच्या असतात.

आता मुख्य मुद्दा. एसडीके म्हणजे ड्रायव्हर नाही. एसडीके हा लूनारजी नावाची कंपनी बांधून देते आणि त्यात प्रोग्राम लिहिणाऱ्याला लागणारं सामान असतं, हेडर फाइली (व्हल्कनमधली नावं कंपाइलरला ओळखू येतात ती यांच्यामुळे), चुका पकडणाऱ्या लेयर, शेडर म्हणजे कार्डावर चालणारे छोटे प्रोग्राम कंपाइल करायची टूल्स, व्हल्कन कॉन्फिगरेटर, तपासायला छोटे नमुने. कार्डाला प्रत्यक्ष कामाला लावणारा असतो ड्रायव्हर आणि तो इंटेल, एएमडी, एनव्हिडिया यांच्याकडून येतो, लिनक्सवर बऱ्याचदा मेसा या ओपन सोर्स प्रोजेक्टकडून. तुमचा प्रोग्राम आणि ड्रायव्हर यांच्या मध्ये एक लोडर बसलेला असतो, विंडोजवर ती एक डीएलएल फाइल असते, तुमचा प्रोग्राम तिच्याशी बोलतो आणि ती मशीनवरचे ड्रायव्हर शोधून पुढे जोडून देते. म्हणून एसडीके नवा टाकल्याने गेम एक फ्रेमनेही फास्ट होत नाही. गेम खेळणाऱ्याला एसडीके लागतच नाही मुळात.

मग तीन आकडे कोणते? एक एसडीकेचा, दुसरा तुमच्या ड्रायव्हरचा आणि तिसरा तुमच्या प्रोग्रामने मागितलेला. नवीन माणसाचा नव्वद टक्के घोळ या तिघांना एक समजण्यात होतो (नव्वद हा माझा अंदाज, मोजायला बसलो नाहीये). एसडीकेचा आकडा असा वाचायचा, समजा १.४.३२१.१ आहे, तर १.४ म्हणजे व्हल्कनची आवृत्ती, ३२१ म्हणजे हेडरचा क्रमांक, जो स्पेसिफिकेशनमध्ये दुरुस्त्या होतात तसा वाढत जातो, आणि शेवटचा १ म्हणजे त्याच एसडीकेचं सुधारून परत दिलेलं पॅकेज. साधारण दोन महिन्यांनी नवीन येतो, प्रत्येक घ्यायलाच पाहिजे असं अजिबात नाही.

पायरी १, काहीही डाउनलोड करायच्या आधी मशीन बघा. विंडोजवर ग्राफिक्स ड्रायव्हर नीट बसलेला असेल तर व्हल्कनइन्फो बहुतेक वेळा आधीपासूनच असतं. लिनक्सवर व्हल्कन-टूल्स नावाचं पॅकेज टाकावं लागतं. टर्मिनल उघडा, व्हल्कनइन्फो लिहा, जागा सोडा, दोन डॅश आणि समरी. हे डॅश-समरी गाळून नुसतं व्हल्कनइन्फो लिहिलंत तर हजारो ओळी धो धो येतील, घाबरू नका, नुसतं जरा जास्तच सांगतंय ते.

या समरीत सगळ्यात वर इन्स्टन्स व्हर्जन असतं. तो आकडा लोडरचा आहे, कार्डाचा नाही! भाच्याने तिथे १.४ बघितलं आणि खूश झाला. खाली डिव्हाइसची यादी असते, तिथे प्रत्येक डिव्हाइससमोर एपीआय व्हर्जन लिहिलेलं असतं, खरा आकडा तो. त्याचा लॅपटॉप सेकंड हँड, सहाव्या पिढीचा आय-फाइव्ह, आतलं इंटेलचं ग्राफिक्स, तिथे दिसत होतं १.२. म्हणजे वर १.४, खाली १.२. एसडीके टाकताना लोडर नवा झाला असेल म्हणून वरचा वाढला, ड्रायव्हर मात्र लॅपटॉप विकणाऱ्याने जो कधीकाळी टाकला होता तोच. इंटेलच्या साइटवरून ताजा ड्रायव्हर घेतला, रीस्टार्ट केलं आणि तो १.३ झाला. याच्या पुढे तो जाणार नाही, आणि शिकायला १.३ पुरून उरतं. एकूण काय, त्याला जो फरक हवा होता तो एसडीकेने नाही, ड्रायव्हरने पडला.

अजून जुनं मशीन असेल तर जरा जपून. इंटेलच्या चौथ्या पिढीच्या आतल्या ग्राफिक्सला विंडोजवर व्हल्कनचा अधिकृत ड्रायव्हर नाहीये, त्यामुळे असे स्वस्तातले रिफर्बिश्ड लॅपटॉप घेताना हे आधी विचारा, दुकानदार "ग्राफिक्स आहे ना साहेब" एवढंच सांगतो. एनव्हिडियाची केप्लर पिढीची जुनी कार्ड असतील तर ती १.२ वर थांबतात.

लिनक्सवाल्यांसाठी एक खास गंमत. यादीत एलएलव्हीएमपाइप नावाचं डिव्हाइस दिसलं आणि त्याचा प्रकार सीपीयू लिहिलेला असला तर ते कार्ड नाही, मेसाने प्रोसेसरवरच व्हल्कन चालवायची केलेली सोय आहे. ती असणं चांगलंच, कार्ड नसलेल्या मशीनवरही शिकता येतं. पण यादीत फक्त तेच एक दिसत असेल आणि तुमच्याकडे कार्ड आहे तर ड्रायव्हर बसलेला नाही असं समजा. मी एकदा अख्खी दुपार माझा कोड स्लो का म्हणून डोकं फोडत होतो, पंखा जेट विमानासारखा ओरडत होता आणि मी यादीतलं पहिलं डिव्हाइस डोळे झाकून उचललं होतं, ते हेच निघालं. ज्यांच्या लॅपटॉपमध्ये आतलं एक आणि वेगळं एक अशी दोन कार्ड आहेत त्यांनी पण यादी नीट बघावी, कोडमध्ये पहिलं येईल ते न घेता डिव्हाइसचा प्रकार तपासून निवडावं.

पायरी २, एसडीके उतरवणं. लूनारजीच्या व्हल्कन साइटवरून घ्यायचा, दुसरीकडून नाही. विंडोजसाठी इन्स्टॉलर आहे, एआरएम प्रोसेसरवाल्या विंडोजसाठी वेगळा, बघून घ्या. हॉस्टेलच्या वायफायवर उतरवत असाल तर रात्री लावून झोपा. इन्स्टॉलर मध्ये विचारतो की आणखी काय काय हवंय, त्यात जीएलएम, एसडीएल, व्होल्क (व्हल्कनची फंक्शन लोड करायला) आणि व्हीएमए अशी नावं दिसतील. जीएलएम म्हणजे गणिताची लायब्ररी, ती घ्याच. एसडीएल विंडो उघडायला, तीही घ्या. व्हीएमए मेमरी वाटून द्यायला मदत करते, आज नाही लागली तरी महिन्याभरात लागेल. विंडो उघडायचीच दुसरी लायब्ररी जीएलएफडब्ल्यू मात्र यात नसते, बरेच ट्युटोरियल तीच वापरतात, हवी असेल तर वेगळी उतरवावी लागते. यावरून भाच्याचं आणि माझं थोडं वाजलं, तो म्हणे एसडीकेत असणारच, मी म्हटलं शोध, शोधलं अर्धा तास, नव्हती.

लिनक्सवर दबलेली टार फाइल मिळते, ती घरच्या फोल्डरमध्ये उलगडा आणि आतली सेटअप-एन्व्ह नावाची स्क्रिप्ट सोर्स करा. ही स्क्रिप्ट फक्त त्या टर्मिनलपुरती असते, दुसरं टर्मिनल उघडलं की विसरली, म्हणून ती ओळ तुमच्या प्रोफाइल फाइलमध्ये टाकून ठेवा. मॅकवर ॲपलचा स्वतःचा व्हल्कन ड्रायव्हर नाही, तिथे एसडीकेबरोबर मोल्टनव्हीके येतं आणि ते व्हल्कनच्या कॉलचं मेटल या ॲपलच्या एपीआयमध्ये भाषांतर करून चालवतं. मॅकवाल्यांना इन्स्टन्स (प्रोग्रामची व्हल्कनशी पहिली जोडणी) बनवतानाच इनकम्पॅटिबल ड्रायव्हर अशी एरर आली तर इन्स्टॉल बिघडलेलं नाही, पोर्टेबिलिटी एन्युमरेशन नावाचं एक्स्टेन्शन आणि त्याचा फ्लॅग द्यायचा राहिलाय. जुन्या ट्युटोरियलमध्ये ही ओळ नसते.

पायरी ३, कोड लिहायच्या आधी क्यूब फिरवा. व्हीकेक्यूब नावाचा प्रोग्राम एसडीकेबरोबर येतो, चालवला की एक घन गरगर फिरताना दिसतो. क्यूब फिरला म्हणजे लोडर, ड्रायव्हर, विंडो सगळं जागेवर आहे, आता पुढे जे बिघडेल ते तुमच्या कोडमध्ये. ही पायरी लोक गाळतात आणि मग स्वतःचा त्रिकोण दिसला नाही की कार्डावर संशय घेतात.

पायरी ४, बिल्ड. इथे मी जरा जास्त बोलणार आहे कारण नवीन एसडीके टाकणाऱ्यांचा जीव इथेच जातो.

विंडोजवर एसडीके सी ड्राइव्हमधल्या व्हल्कनएसडीके फोल्डरमध्ये बसतो, प्रत्येक आवृत्तीचं वेगळं उपफोल्डर, म्हणजे नवा टाकला तरी जुना तसाच शेजारी राहतो. कोणता वापरायचा हे एका एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलवरून ठरतं, त्याचं नाव व्हल्कन, अंडरस्कोर, एसडीके, सगळं कॅपिटल. इन्स्टॉलर ते बदलून ठेवतो. पण आधीपासून उघडं असलेलं टर्मिनल आणि व्हिज्युअल स्टुडिओ यांना त्या बदलाचा पत्ताच नसतो, त्यांच्याकडे उघडताना होतं तेच जुनं मूल्य असतं. त्यामुळे एसडीके टाकला की सगळं बंद करून परत उघडा. साधी गोष्ट आहे पण भल्याभल्यांची जिरवते.

दुसरा अड्डा सीमेक या बिल्ड टूलचा. सीमेक पहिल्यांदा व्हल्कन शोधतो आणि मिळालेला रस्ता बिल्ड फोल्डरमधल्या कॅश फाइलमध्ये लिहून ठेवतो, नंतर तुम्ही कितीही एसडीके बदला, तो कॅशमधलाच रस्ता धरतो. मी अंबडच्या एका वर्कशॉपसाठी मशीनच्या पार्टचा थ्रीडी व्ह्यूअर करत होतो, पार्टची फाइल टाकली की फिरवून बघता यावी एवढंच, त्यात १.४ मधलं एक नाव वापरलं तर कंपाइलर म्हणे असं काही ओळखत नाही. एसडीके नवा, व्हेरिएबल नवं, टर्मिनल नवं, तरी तेच. दोन तास गेले, चहा तीन झाले, शेवटी एररमधला हेडरचा पूर्ण रस्ता वाचला तर त्यात जुन्याच आवृत्तीचं फोल्डर! बिल्ड फोल्डर अख्खं उडवलं, परत कॉन्फिगर केलं, पाच मिनिटांत चालू. तेव्हापासून नियमच केलाय, एसडीके बदलला की बिल्ड फोल्डर डिलीट, विचार करायचा नाही.

हेडर नवं आहे म्हणजे १.४ ची नावं कंपाइल होतील, बस. ती कार्डावर चालतील का हे ड्रायव्हर ठरवणार. भाच्याचा ड्रायव्हर १.३ चा, म्हणून त्याने इन्स्टन्स बनवताना ॲप्लिकेशन इन्फोमध्ये एपीआय व्हर्जन १.३ मागायचं. हा तिसरा आकडा. १.४ चा एसडीके वापरून १.३ चा प्रोग्राम लिहिणं पूर्ण बरोबर आहे, त्यात काही कमीपणा नाही. तुमचं कार्ड १.४ देत असेल तर मात्र काही हमी वाढतात, उदाहरणार्थ पुश कॉन्स्टंटला (शेडरला झटपट द्यायचा छोटा डेटा) आधी किमान १२८ बाइट मिळण्याची हमी होती, १.४ मध्ये ती २५६ झाली, त्यामुळे ६४ बाइटचे चार मॅट्रिक्स त्यात बिनधास्त बसतात.

पायरी ५, व्हॅलिडेशन लेयर. माझं ऐकाल तर त्रिकोणाच्या आधी ही चालू करा. व्हल्कनचा ड्रायव्हर तुमच्या चुका तपासत बसत नाही, वेगासाठी तसं मुद्दाम ठेवलंय, चुकीचं काही दिलंत तर काळा स्क्रीन येईल, प्रोग्राम पडेल, किंवा सगळ्यात वाईट म्हणजे तुमच्याकडे चालेल आणि मित्राकडे नाही. लेयर तुमच्या आणि ड्रायव्हरच्या मध्ये उभी राहते आणि प्रत्येक कॉल तपासते. तिचं नाव व्हीके लेयर ख्रोनोस व्हॅलिडेशन, मधल्या जागांवर अंडरस्कोर आणि लिपीत थोडी गंमत आहे, व्हीके आणि लेयर कॅपिटल, ख्रोनोस पण कॅपिटल, व्हॅलिडेशन मात्र लहान. जुन्या ट्युटोरियलमध्ये लूनारजी स्टँडर्ड व्हॅलिडेशन असं नाव असतं, ते आता एसडीकेत नाही, ते वापरलंत तर लेयर नॉट प्रेझेंट म्हणून तोंडावर आपटाल. त्याच्या जोडीला डीबग युटिल्स एक्स्टेन्शन लावा आणि कॉलबॅक लिहा म्हणजे लेयरचं बोलणं तुमच्या कन्सोलवर येईल.

कोडमध्ये हे सगळं नको असेल तर व्हल्कन कॉन्फिगरेटर आहे, खिडकी उघडून टिक करायची, कोडला हात न लावता लेयर लागते. पण त्यात एक गोची आहे. ती विंडो बंद केली तरी सेटिंग तसंच लागू राहू शकतं, मग मशीनवरच्या इतर व्हल्कन प्रोग्रामवरही लेयर बसते आणि लेयर बसली की वेग पडतो. भाच्याने शनिवारी रात्री उत्साहात तिथले सगळे टिक लावून ठेवले होते आणि मग त्याचा गेम फास्ट व्हायच्या ऐवजी रांगायला लागला, त्या मेसेजमागची खरी कहाणी ही होती, पोराने काल दुपारी कबूल केलं.

लेयरचा मेसेज लांबलचक असतो, मराठी माणूस इंग्रजीची ओळ बघून स्क्रोल करतो तसं करू नका. बहुतेक मेसेजमध्ये व्हीयूआयडी ने सुरू होणारं एक नाव असतं, शेवटी बऱ्याचदा पाच आकडे, तो स्पेसिफिकेशनमधल्या नेमक्या वाक्याचा पत्ता आहे. तो कॉपी करून शोधलात की कोणता नियम मोडला ते मिळतं. पहिला मेसेज आधी दुरुस्त करा, खालचे बरेच त्याचीच पिलावळ असतात.

आणि इथेच नवीन एसडीकेचा खरा परिणाम दिसतो. लेयर दर आवृत्तीला जास्त कडक होत जाते. माझा एक जुना कोड दोन वर्षं एकही शब्द न काढता चालत होता, नवा एसडीके टाकला आणि लाल ओळींचा पाऊस. चूक होती सेमाफोरची, म्हणजे एक काम संपल्याशिवाय पुढचं सुरू होऊ नये म्हणून कार्डासाठी ठेवलेल्या खुणेची. बऱ्याच ट्युटोरियलमध्ये रेंडर संपल्याचा सेमाफोर एकाच वेळी काम चालू असलेल्या फ्रेममागे एक असा बनवतात, म्हणजे सहसा दोन. पण तो सेमाफोर प्रेझेंट करताना स्वॉपचेन (स्क्रीनवर दाखवायच्या इमेजचा संच) वाट बघायला वापरते आणि तिचं त्याच्याशी काम संपलं की नाही हे आपल्या फेन्समधून (तशीच खूण, पण आपल्या प्रोग्रामसाठी) कळत नाही, ती अजून धरून असतानाच आपण तोच परत वापरायला घेतो. उपाय, हा सेमाफोर स्वॉपचेनच्या इमेजमागे एक असा बनवा आणि मिळालेल्या इमेजच्या क्रमांकावरून निवडा. इमेज मिळाल्याचा सेमाफोर मात्र फ्रेममागे एकच राहू द्या. एसडीकेने माझा कोड बिघडवला असं मी आधी दोघा-तिघांना सांगून पण बसलो होतो, चूक पहिल्या दिवसापासून माझीच होती, लेयरला आत्ता दिसली.

पायरी ६, शेडर. जीएलएसएलमध्ये लिहिलेला शेडर व्हल्कन थेट घेत नाही, त्याचं स्पर-व्ही या मधल्या बायनरी रूपात रूपांतर करावं लागतं. एसडीकेत त्यासाठी जीएलएसएलसी आहे, एचएलएसएलवाल्यांना डीएक्ससी आहे आणि आताच्या एसडीकेत स्लँगचा कंपाइलर पण येतो. नवीन असाल तर जीएलएसएल घ्या, उदाहरणं ढिगाने मिळतात. तीन चुका सगळेच करतात म्हणून सांगतो. शेडर बदलला आणि परत कंपाइल केला नाही, मग रंग का बदलत नाही म्हणून बसायचं. दुसरी, विंडोजवर फाइल बायनरी मोडमध्ये न उघडता टेक्स्टमध्ये उघडली. तिसरी, प्रोग्राम ज्या फोल्डरमधून चालतोय तिथे शेडर फाइलच नाही. पहिलीवर इलाज म्हणजे सीमेकमध्येच शेडर कंपाइल करायची कमांड घालून टाका.

पायरी ७, त्रिकोण. जुन्या पद्धतीत रेंडर पास आणि फ्रेमबफर अशी दोन जड प्रकरणं आधी बनवावी लागायची, १.३ पासून डायनॅमिक रेंडरिंग मुख्य भागात आलंय त्यामुळे ती दोन्ही टाळता येतात. नवीन माणसाने सरळ इथून सुरू करावं असं माझं मत, काही जुनी मंडळी म्हणतात आधी रेंडर पास शिका, मोबाइलवर काम करायचं असेल तर नंतर शिकाच पण पहिल्या दिवशी नको. एक मात्र लक्षात ठेवा, मुख्य भागात आलंय याचा अर्थ आपोआप चालू आहे असा नाही. लॉजिकल डिव्हाइस बनवताना १.३ च्या फीचरच्या स्ट्रक्चरमध्ये डायनॅमिक रेंडरिंग आणि सिंक्रोनायझेशन-टू हे दोन ट्रू करून साखळीत जोडावे लागतात. भाचा इथे चाळीस मिनिटं अडकला, आणि कोणी सोडवलं? लेयरने.

क्रम असा. इन्स्टन्स, विंडोचा सरफेस, कार्डाची निवड, लॉजिकल डिव्हाइस आणि क्यू, स्वॉपचेन, पाइपलाइन, कमांड बफर, सेमाफोर-फेन्स, आणि मग लूप. लूपमध्ये इमेज मागा, कमांड रेकॉर्ड करा, सबमिट करा, प्रेझेंट करा. रेंडर पास नसल्यामुळे इमेजची अवस्था तुम्हालाच बदलावी लागते, काढायच्या आधी कलर अटॅचमेंट आणि काढून झाल्यावर प्रेझेंट सोर्स, दोन्ही बॅरिअर टाकून. दुसरा विसरलात तरी काही कार्डांवर चित्र दिसतं आणि माणूस फसतो.

संध्याकाळी सहाच्या सुमारास त्रिकोण आला आणि तो उलटा, टोक खाली. भाच्याला वाटलं परत सगळं चुकलं. काही चुकलं नव्हतं, त्याने शिरोबिंदू ओपनजीएलच्या कोडमधून उचलले होते, तिथे वाय वरच्या दिशेने वाढतो आणि व्हल्कनमध्ये खालच्या. तसंच खोली तिथे उणे १ ते १ असते आणि इथे ० ते १, म्हणून पुढे जीएलएमने कॅमेरा करताना डेप्थ झिरो टू वन सक्तीचा करणारा डिफाइन जीएलएमच्या हेडरच्या आधी टाकायचा, नाहीतर जवळच्या वस्तू अर्ध्या कापलेल्या दिसतात. वायची चिन्हं बदलली, त्रिकोण सुलटा झाला, त्याने लगेच फोटो काढून हॉस्टेलच्या ग्रुपवर टाकला.

आता जुन्या एसडीकेचं काय. नवा नीट चालतोय याची खात्री झाली की जुन्या आवृत्तीच्या फोल्डरमध्ये मेंटेनन्स टूल नावाचा प्रोग्राम असतो, त्यातून काढा, फोल्डर हाताने उडवू नका. काढून झाल्यावर एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल अजून नव्याकडेच बोट दाखवतंय ना तेवढं तपासा. आणि प्रोजेक्टचं सबमिशन आठवड्यावर आलं असेल तर एसडीके बदलूच नका, नवीन लेयरने नवीन चूक दाखवली तर झोप जाईल आणि मास्तर काही ऐकून घेणार नाहीत.

निघताना भाचा म्हणाला, "मामा, पुढच्या रविवारी टेक्स्चर लावू या." त्याला म्हटलं आधी ती विंडो ओढून लहान-मोठी करून दाखव. त्याने कोपरा धरून ओढला आणि आउट ऑफ डेट म्हणून प्रोग्राम आडवा. तिथे स्वॉपचेन परत बनवावी लागते, आणि विंडोजवर विंडो मिनिमाइज केली की आकार ० बाय ० येतो, त्या आकाराची स्वॉपचेन बनत नाही, म्हणून ती परत वर येईपर्यंत थांबायचं. एवढं करून ये म्हटलं, मग टेक्स्चर.